क्रॅक : शब्द कोणाचा, स्पेलिंग कोणाचे?

ज्या वादाविषयी हा लेख आहे तो देवनागरीत दाखवता येत नाही, हे आधीच कबूल केलेले बरे. आयर्लंडमध्ये रोजच्या बोलण्यात पदोपदी येणारा एक शब्द आहे : क्रॅक. रोमन लिपीत तो दोन प्रकारे लिहितात. एक सी-आर-ए-सी-के, म्हणजे साधे इंग्रजी स्पेलिंग. दुसरे सी-आर-ए-आय-सी, म्हणजे आयरिश भाषेच्या वळणाचे. शेवटची दोन अक्षरे बदलतात, एवढाच फरक. आपण दोन्ही 'क्रॅक' असेच लिहिणार, कारण आपली लिपी कानाचे ऐकते आणि कानाला दोन्ही एकच आहेत. पण या दोन अक्षरांवरून आयर्लंडच्या वर्तमानपत्रांत विद्वानांनी आणि स्तंभलेखकांनी वर्षानुवर्षे एकमेकांवर तोंडसुख घेतले आहे. सोयीसाठी इथे पहिल्या रूपाला 'के-क्रॅक' आणि दुसऱ्याला 'आयसी-क्रॅक' म्हणतो. नावे ओबडधोबड आहेत, पण काम भागेल.

मराठी वाचकाला 'क्रॅक' ऐकल्यावर आधी भिंतीला गेलेला तडा आठवेल, किंवा 'तो जरा क्रॅकच आहे' असे ज्याच्याविषयी म्हणतात तो शेजारी. आयरिश क्रॅकचा या दोघांशी रोजचा संबंध नाही. आपल्याकडे कॉलेजच्या पोरांच्या तोंडी 'जोक क्रॅक करणे' असते, तो मात्र त्याचा जवळचा चुलतभाऊ. आयर्लंडमध्ये दोन माणसे भेटली की एक विचारतो, 'व्हॉट्स द क्रॅक?' याचा अर्थ 'काय म्हणतोस? काय खबर?' याला उत्तर अपेक्षित असतेच असे नाही. आपल्या 'काय, बरे आहे ना?'सारखे ते हवेत विरते. पण हाच शब्द रात्री उशिरा घरी परतताना वापरला की अर्थ बदलतो. काल क्रॅक चांगला होता, म्हणजे काल बसलो, बोललो, कुणी गायले, कुणी कुणाची खेचली, वेळ कसा गेला कळले नाही. एखाद्या माणसालाही 'तो चांगला क्रॅक आहे' म्हणतात. म्हणजे त्याच्या संगतीत कंटाळा येत नाही. काही उगाच, गंमत म्हणून केले तर ते 'क्रॅकसाठी' केले. आणि फारच रंगले तर क्रॅक 'माइटी' असतो किंवा 'नाइन्टी' असतो. नव्वदच का, शंभर का नाही, याची स्पष्टीकरणे पुष्कळ देतात. मला त्यातले एकही पटलेले नाही.

म्हणजे अर्थाच्या एका टोकाला बातमी आहे, मध्ये बोलणे आहे आणि दुसऱ्या टोकाला बोलण्यातून जमणारे वातावरण आहे. ही शेवटची छटा पकडायला कठीण. दारू तिच्या आसपास असते, पण दारू म्हणजे क्रॅक नव्हे; न पिणाराही चांगला क्रॅक असू शकतो. तो ठरवून करता येत नाही. एकट्याला करता येत नाही. कार्यक्रमपत्रिकेत त्याला वेळ नेमून देता येत नाही, आणि जिथे पाटीवर 'इथे क्रॅक मिळेल' असे लिहिलेले असते तिथे तो मिळण्याची शक्यता कमीच. आपल्याकडे गणपतीच्या आरासीसाठी रात्रभर जागणाऱ्या पोरांमध्ये, लग्नाच्या आदल्या रात्री भाज्या चिरणाऱ्या बायकांमध्ये जे काही आपोआप जमते, ते हेच. त्याला आपण एक नाव दिलेले नाही. गप्पा म्हणतो, मजा म्हणतो, मैफल म्हणतो. या तीन शब्दांकडे पुढे परत यायचे आहे.

आता शब्दाचा माग काढू. मुळात हा आवाज आहे. काहीतरी फुटल्याचा, तडकल्याचा, चाबूक वाजल्याचा. आवाजाचे शब्द बोलण्याकडे वळतात ही गोष्ट मराठी माणसाला समजावून सांगायला नको. वीज कडाडते आणि रागावलेला सासराही कडाडतो. ढग गडगडतो, माणूस बडबडतो. इंग्रजीत हेच झाले. मध्ययुगीन इंग्रजीतच 'क्रॅक'ला मोठ्याने बोलणे, बढाई मारणे असा अर्थ आला होता. पुढे दक्षिणेच्या, लंडनकडच्या इंग्रजीत तो क्षीण झाला. पण उत्तर इंग्लंडात आणि स्कॉटलंडच्या सखल भागात टिकला, आणि बढाईचा कडकडाट ओसरून त्याला साध्या सुखसंवादाचा अर्थ आला. रॉबर्ट बर्न्सची एका कष्टकरी कुटुंबाच्या शनिवारच्या संध्याकाळीवरची प्रसिद्ध कविता आहे, १७८५ साली लिहिलेली. मुलीला भेटायला आलेल्या तरुणाशी तिचा बाप घोडे, नांगर आणि गुरे यांविषयी बोलत बसतो. तिथे बोलण्यासाठी बर्न्सने वापरलेले क्रियापद हेच. सर वॉल्टर स्कॉटच्या 'रॉब रॉय'मध्येही (१८१७) जुन्या ओळखीच्या माणसाशी चार शब्द बोलण्याला क्रॅकच म्हटले आहे. दोन्ही ठिकाणी के-क्रॅक, दोन्ही ठिकाणी स्कॉट मंडळी, आणि आयर्लंडचा कुठे पत्ता नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जोसेफ राइट यांनी इंग्रजी बोलींचा सहा खंडांचा कोश केला (१८९८–१९०५). या माणसाविषयी दोन वाक्ये लिहिण्याचा मोह आवरत नाही. यॉर्कशरमधला हा मुलगा लहानपणीच गिरणीत कामाला लागला, वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंत त्याला वाचता येत नव्हते, आणि तोच पुढे ऑक्सफर्डला भाषाशास्त्राचा प्राध्यापक झाला. ज्या बोलीला शाळेत छडी मिळत होती ती त्याने कोशात सन्मानाने बसवली. त्याच्या कोशात क्रॅक आहे : बोलणे, गप्पा, बढाई, आणि हे अर्थ मुख्यतः स्कॉटलंड, उत्तर इंग्लंड आणि आयर्लंड या पट्ट्यातले. आजही न्यूकॅसलमध्ये, कंब्रियात लोक सहज 'व्हॉट्स द क्रॅक' म्हणतात, आणि न्यूकॅसलमधून निघणाऱ्या, गावातले नाटक-सिनेमा-गाण्याचे कार्यक्रम सांगणाऱ्या मासिकाचे नावच 'द क्रॅक' आहे. के-क्रॅक. त्यांना आपण कुणाचा शब्द पळवला असे वाटत नाही, कारण तो त्यांच्या आजीचा आहे.

आयर्लंडात हा शब्द पोहोचला तो उत्तरेतून, अल्स्टरमधून. १६०९पासून इंग्रज राजसत्तेने अल्स्टरमधल्या आयरिश सरदारांच्या जमिनी जप्त करून तिथे स्कॉटलंड आणि इंग्लंडातून प्रोटेस्टंट कुटुंबे आणून वसवली. इतिहासात याला 'प्लँटेशन' म्हणतात, जणू माणसे रोपे होती. या वसाहतवाल्यांनी आपला धर्म आणला, नांगर आणले आणि बोलीही आणली, जिला पुढे अल्स्टर-स्कॉट्स हे नाव मिळाले. शब्दांची ये-जा केवळ याच वाटेने झाली असे नाही. डोनेगलमधले आयरिश बोलणारे गरीब शेतमजूर पिढ्यान् पिढ्या बटाट्याच्या हंगामात स्कॉटलंडला जात आणि परत येत. गाठोड्यात पैसे थोडे आणि शब्द बरेच असत. तरी मुख्य रस्ता अल्स्टरचाच. तिथून तो हळूहळू दक्षिणेला उतरला आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत डब्लिनच्याही जिभेवर बसला.

इथपर्यंत सगळीकडे के-क्रॅक आहे. बार्नी रश या डब्लिनच्या गीतकाराने १९६०च्या दशकात आइल ऑफ मॅन बेटावर क्रॅक 'नव्वद' होता अशा नावाचे गाणे रचले. क्रिस्टी मूरने १९७८ साली ते गायले तेव्हाही शीर्षकात के होता. डब्लिनर्स या गायकवृंदाने तेच गाणे २००६ साली काढले तेव्हा मात्र शीर्षक आयसी-क्रॅक झाले. ज्याला पुरावा म्हणतात तो याहून नेटका मिळणे अवघड. मधल्या अठ्ठावीस वर्षांत काहीतरी झाले होते.

झाले ते असे. इंग्रजी बोलणाऱ्या आयर्लंडाप्रमाणेच आयरिश बोलणाऱ्या आयर्लंडानेही हा शब्द उचलला. उचलल्यावर तो आपल्या लिपिनियमाने लिहिला, आणि त्यात गैर काही नाही. आयरिशच्या पारंपरिक वर्णमालेत अठराच अक्षरे आहेत. त्यात के नाही, 'क'चे काम सी करते. स्वरांचेही नियम आहेत, त्यामुळे सी-आर-ए-आय-सी हे त्या भाषेतले रास्त लेखन. आपणही इंग्रजी शब्दांसाठी 'ॅ' आणि 'ॉ' या चंद्रकोरी घडवल्याच की! 'बँक' आणि 'डॉक्टर' लिहिताना आपण इंग्रजीवर अन्याय करतो असे कुणाला वाटत नाही. १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून आयरिश लिखाणात आयसी-क्रॅक आढळतो. त्याला घराघरांत नेले ते दूरचित्रवाणीने. शॉन बॉन ब्रानॉख यांचा आयरिश भाषेतला गप्पांचा कार्यक्रम राष्ट्रीय वाहिनीवर १९७६ ते १९८२ चालला. प्रेक्षकांना ते आश्वासन देत की आता गाणे-बजावणे, बोलणे आणि क्रॅक होणार. आयरिशमध्ये या तिन्ही शब्दांचे पहिले अक्षर सी, म्हणून तोंडात बसणारा अनुप्रास. तो देशभर झाला. लक्षात घ्या, त्या त्रयीत 'बोलणे' वेगळे आले आहे. म्हणजे क्रॅकने बोलण्यापासून फारकत घेतली होती आणि तो मौजेकडे सरकला होता.

मग गंमत सुरू झाली. आयरिश वाक्यात शोभणारे ते स्पेलिंग इंग्रजी वाक्यात येऊन बसले. इंग्रजीतून आयरिशमध्ये गेलेला शब्द आयरिश पोशाख घालून इंग्रजीत परतला. माहेरची माणसे त्याला ओळखेनात. १९८०च्या दशकात 'क्रॅक' हे एका भयंकर अमली पदार्थाचे नाव म्हणून अमेरिकेतून जगभर गेले, तेव्हा परदेशी माणसापुढे 'आज रात्री क्रॅक कुठे आहे?' असे विचारणे अडचणीचे ठरू लागले, आणि आयसीला एक व्यावहारिक कारणही मिळाले. १९९०च्या दशकात आयरिश पब निर्यात होऊ लागले. डब्लिनमध्ये आराखडे बनत, लाकडी फळ्या, जुन्या बाटल्या, सायकली, पाट्या असा सारा सरंजाम पेट्यांत भरून परदेशी रवाना होई आणि महिन्याभरात एखाद्या जर्मन शहरात 'खेड्यातला जुना पब' उभा राही. त्या पाट्यांवर आयसी-क्रॅक होता. तोवर अर्धी पिढी तो मूळचा गेलिक शब्द आहे असे समजून वाढली होती. आज पुष्कळ आयरिश लोकांना तो बाहेरून आला आहे हे सांगितले तर खरे वाटत नाही. काहींना राग येतो.

याविरुद्ध जी टीका झाली तीत सर्वांत वजनदार आवाज दियरमिड ओ मुरिही यांचा. 'आयरिश टाइम्स'मध्ये ते शब्दांवर सदर लिहीत. चांगल्या जुन्या इंग्रजी-स्कॉटिश बोलीशब्दाला असे गेलिक मुखवटे चढवलेले पाहून त्यांचे दात आंबत, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. हा माणूस आयरिशचा द्वेष्टा होता म्हणावे तर उलटच : आयर्लंडच्या इंग्रजीत खरोखर आयरिशमधून कोणते शब्द आले यांचा कोश त्यांनी स्वतः केला होता. म्हणजे ज्याने खरे दागिने मोजून ठेवले होते त्यालाच हा मुलामा खटकला. केव्हिन मायर्स या स्तंभलेखकाने तर आयसी-क्रॅकला सरळ बनावट ठरवले. पारंपरिक संगीताचे अभ्यासक फिंटन व्हॅली यांचा आक्षेप निराळा : या शब्दाचा इंग्रजीतला वापर हा बराचसा पबवाल्यांचा, आयरिश संगीत विकून पैसे करण्याचा उद्योग आहे.

व्हॅली यांचे म्हणणे मला पटते आणि त्यावर जास्त बोलण्यासारखे नाही. जे विकत घेता येत नाही तेच पाटीवर लिहून विकायला ठेवणे हा धंदा सर्वत्र चालतो. आपल्याकडे महामार्गावरच्या ढाब्यांवर 'घरगुती' शब्दाची जी अवस्था झाली आहे ती आठवावी.

'बनावट' या आरोपाशी मात्र मी सहमत होऊ शकत नाही, आणि इथे मी वर उल्लेखलेल्या तीन मराठी शब्दांकडे परत येतो. क्रॅकचा अनुवाद करायला मराठीत जे काही हाताशी येते ते बाहेरचे निघते. 'मजा' फारसीतून आली, तिथे तिचा अर्थ चव. 'मैफल' अरबी. 'मौज' म्हणू तर तीही अरबी, मूळ अर्थ लाट. 'काय खबर' मधली 'खबर' अरबी. गप्पांचे संस्कृत 'जल्प'शी नाते जोडण्याची इच्छा कुणालाही होईल, पण फारसीत 'गप' म्हणजे गप्पाच, आणि काबूलमध्ये आजही लोक 'गप' मारतात. आपल्या सुखाच्या सगळ्या शब्दांवर कुणाचे ना कुणाचे शिक्के आहेत आणि त्यामुळे आपल्या कट्ट्यावरची एकही संध्याकाळ बिघडलेली नाही. शब्द कुठून आला हे कळले की तो कुणाचा हेही कळते, असे धरून चालणे ही व्युत्पत्ती जाणणाऱ्यांची जुनी खोड आहे. व्युत्पत्ती म्हणजे सातबारा नव्हे. क्रॅकला आज जो अर्थ आहे, जे मोसम आहेत, तो आयर्लंडात घडला. बर्न्सच्या शेतकऱ्याला घोड्यानांगराविषयी बोलण्यापलीकडे तो माहीत नव्हता. या अर्थाने शब्द आयरिश आहे, पुरता आयरिश आहे.

पण ओ मुरिहींचे दात का आंबत याकडे जरा थांबून पाहायला हवे. त्यांना शब्द खटकला नव्हता, पोशाख खटकला होता. असा पोशाख चढवण्याची गरज कुणाला पडते? ज्याचे कपाट रिकामे झाले आहे त्याला. आयर्लंडची भाषा दोनेक शतकांत त्यांच्या हातून निसटली. १८४५पासूनच्या महादुष्काळात मेली ती आणि परागंदा झाली ती माणसे बहुतकरून पश्चिमेकडची, आयरिश बोलणारी होती. त्याआधी आणि नंतरही शाळा, कचेरी, बाजार आणि बोटीचे तिकीट सगळे इंग्रजीत. स्वातंत्र्यानंतर आयरिश घटनेने पहिली राष्ट्रभाषा ठरली, शाळेत सक्तीची झाली. तरी २०२२च्या जनगणनेत आयर्लंडच्या प्रजासत्ताकातल्या अठरा लाखांहून अधिक लोकांनी आपल्याला आयरिश येते असे सांगितले आणि शाळेबाहेर ती रोज बोलणारे निघाले सुमारे बहात्तर हजार. या दोन आकड्यांच्या मध्ये जी दरी आहे तिच्यात आयसी-क्रॅक उगवला आहे. ज्याला आपल्या पणजीच्या भाषेत एक वाक्य धड बोलता येत नाही, तो निदान एका शब्दाचे स्पेलिंग तिच्या भाषेतले लिहितो. याला बनावट म्हणणारे बरोबर असतील; पण मला त्यात नक्कल दिसण्याआधी उणीव दिसते.

उणिवेतून माणसे कुठवर जातात हेही दिसते. डॅनियल कॅसिडी या अमेरिकन लेखकाने २००७ साली एक पुस्तक लिहून अमेरिकेतली बरीचशी बोलभाषा आयरिशमधून आल्याचा दावा केला. 'जॅझ' हा शब्दही त्याने उष्णतेच्या आयरिश शब्दातून काढला. भाषाशास्त्रज्ञांनी त्याचे वाभाडे काढले, सामान्य वाचकांना मात्र पुस्तक आवडले. मराठी वाचकाला याचे नवल वाटू नये. पु. ना. ओकांनी 'व्हॅटिकन'मध्ये 'वाटिका' पाहिली आणि त्यांचेही वाचक काही कमी नव्हते. एकाची भाषा गेली होती, दुसऱ्याचे राज्य गेले होते. दोघांनी भरपाई शब्दकोशातून करून घेतली. आयसी-क्रॅक लिहिणारा सामान्य माणूस या पंगतीतला नाही. तो काही सिद्ध करायला निघालेला नाही. पण पंगत जिथे बसली ते घर एकच आहे.

शुद्धीचे आपले प्रयोग उलट दिशेने झाले. शिवकाळातल्या राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, सावरकरांनी 'तारीख' काढून 'दिनांक' दिला. तिथे शब्दच बदलला, म्हणून बदल उघड दिसला आणि त्यावर वाद घालता आला. माधव जूलियनांचे उदाहरण तर फार बोलके : फारसी-मराठी कोश करणारा, मराठीत गझल आणणारा कवी पुढे भाषाशुद्धीचा कैवारी झाला. ज्याला शब्दाचे फारसीपण सर्वांत जास्त माहीत होते त्यानेच ते काढायला घेतले. निदान जे काढतो आहे ते कुणाचे, याविषयी त्याच्या मनात गोंधळ नव्हता. आयसी-क्रॅकमध्ये शब्द तोच ठेवून त्याची जन्मपत्रिका बदलली गेली. बदल कुणी ठरवून केला नाही, म्हणूनच तो दिसला नाही.

आणि माझा खरा आक्षेप इथून सुरू होतो. तो व्युत्पत्तीचा नाही, शेजारधर्माचा आहे. के पुसून आयसी आली तेव्हा इंग्रजीचा शिक्का पुसला असे लिहिणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात लंडनच्या इंग्रजीचा या शब्दाशी संबंध अगदी पुसट होता. पुसले गेले ते अल्स्टरमध्ये आणून वसवलेल्या स्कॉट शेतकऱ्याचे नाव. ज्याचे वंशज आजही तिथे राहतात, ज्यांच्याशी आयरिश कॅथलिकांचे वैर १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून तीस वर्षे रस्त्यावर रक्त सांडत राहिले. त्या वैरात भाषाही ओढली गेली. एका बाजूने आयरिश हा झेंडा झाला, तर दुसऱ्या बाजूने अल्स्टर-स्कॉट्स पुढे केली गेली. ती भाषा की बोली यावरही दोन तट आहेत. १९९८च्या शांतता करारात दोन्हींचा उल्लेख करावा लागला. २०२२च्या कायद्याने उत्तर आयर्लंडात आयरिशला अधिकृत मान्यता दिली तेव्हा दुसऱ्या पारड्यात अल्स्टर-स्कॉट्ससाठी वेगळा आयुक्त टाकावा लागला. बेलफास्टमध्ये गल्लीच्या पाटीवर दुसरी भाषा लावायची की नाही यावर आजही भांडणे होतात.

अशा गावात दोन्हीकडच्या माणसांच्या तोंडी समान असलेले शब्द किती असतील? क्रॅक त्यांपैकी एक. कॅथलिक मोहल्ल्यातला तरुण आणि प्रोटेस्टंट मोहल्ल्यातला तरुण सकाळी मित्राला भेटून एकच प्रश्न विचारतात. बोलताना तो प्रश्न कुणाचाच नसतो. लिहिताना मात्र त्याला कुंपण पडते : आयसीने लिहिले की तो 'त्यांचा' दिसू लागतो, आणि दुसरीकडचा माणूस आपल्याच खापरपणजीच्या शब्दाकडे परक्यासारखे पाहतो. ज्या शब्दाने आपण होऊन सांगितले असते की तीनशे वर्षांच्या वैरातही माणसे एकमेकांचे ऐकत होती, उधारीवर शब्द घेत होती, त्याचे हे सांगणेच स्पेलिंगने बंद केले. मायर्स आणि इतरांनी आयसी-क्रॅकला खोटे म्हटले, पण त्या खोटेपणात कुणाचे नाव गळले हे त्यांच्या उपहासात फारसे आले नाही. उपहासाला शब्दाचा मान महत्त्वाचा वाटला, माणसांचा वाटायला हवा होता.

मग काय, आयसी टाकून पुन्हा के आणायचा? ते आता होणार नाही, आणि होऊही नये. तरुण आयरिश माणसासाठी के-क्रॅक म्हणजे अमली पदार्थ आणि आयसी-क्रॅक म्हणजे आपली संध्याकाळ. त्याच्या दृष्टीने ते आता दोन वेगळे शब्द आहेत आणि भाषेत शेवटी बोलणाऱ्याचेच चालते. शिवाय आयरिश बोलणाऱ्या बहात्तर हजारांचाही या शब्दावर हक्क आहे, आणि त्यांच्यासाठी आयसी हेच शुद्धलेखन आहे. मागता येईल ते एवढेच, की कोशात या नोंदीपाशी स्कॉटलंड, उत्तर इंग्लंड आणि अल्स्टर ही तीन नावे मोठ्या अक्षरांत असावीत, आणि पर्यटकांसाठीच्या पुस्तिकांनी त्याला 'प्राचीन गेलिक शब्द' म्हणणे थांबवावे.

अनुवादकाची अडचण यापेक्षा सोपी नाही. आयरिश कादंबरी मराठीत आणताना पात्र 'व्हॉट्स द क्रॅक' म्हणाले की मी सरळ 'काय खबर?' लिहीन, अरबी शब्दाने स्कॉटिश शब्दाची जागा घेतली तर आयरिश माणसाची काही तक्रार असू नये. पण रात्रीच्या वर्णनात, जिथे पाच-सहा जण शेकोटीभोवती बसले आहेत आणि कुणाला उठावेसे वाटत नाही, तिथे मी 'क्रॅक' तसाच ठेवीन. 'धमाल' म्हणावे तर त्यात आरडाओरडा फार, 'मैफल' म्हणावे तर गाणारा एक आणि ऐकणारे बाकीचे. देवनागरीत मला के आणि आयसी यांतून निवड करावी लागणार नाही, ही सुटका आहे. तिचे श्रेय माझे नाही, लिपीचे आहे.

बार्नी रशचे ते गाणे डब्लिनहून सुट्टीला निघालेल्या पोरांचे आहे. आइल ऑफ मॅन हे बेट आयरिश समुद्राच्या मधोमध आहे; त्याच्या स्नेफेल या सर्वांत उंच डोंगरावरून आकाश निवळलेले असले तर एका बाजूला कंब्रिया दिसते, एका बाजूला स्कॉटलंड आणि एका बाजूला अल्स्टर. क्रिस्टी मूरची १९७८ची ध्वनिमुद्रिका आणि डब्लिनर्सची २००६ची, दोन्ही मी पाठोपाठ ऐकल्या. एकीच्या वेष्टनावर के आहे, दुसरीच्या आयसी. डोळे मिटून ऐकले तर कुठली कोणती हे गायकाच्या आवाजावरून ओळखता येते, शब्दावरून नाही.